फळांच्या साली-चोथ्यापासून जनावरांचे खाद्य: आधी पाण्याचा हिशेब

लिंबूवर्गीय फळांचा रस काढला की फळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग साल, चोथा आणि बियांच्या रूपाने मागे उरतो. आंबा, अननस, सफरचंद, द्राक्ष, टोमॅटो यांवर प्रक्रिया करतानाही असेच ढीग साचतात. या चोथ्यात साखर आणि पेक्टिन भरपूर असते, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांना ही दोन्ही सहज पचतात. ऊर्जेच्या बाबतीत लिंबूवर्गीय चोथा धान्याच्या जवळ जातो. अडचण पाण्याची आहे. शंभर किलो चोथ्यात साधारण ऐंशी किलो पाणी असते, आणि पाणी व साखर एकत्र असली की यीस्ट आणि बुरशीला रान मोकळे मिळते. उष्ण हवेत सकाळचा ढीग संध्याकाळपर्यंत आंबूस होतो, दुसऱ्या दिवशी त्यावर माश्या घोंगावतात आणि तिसऱ्या दिवशी तो जनावरापुढे टाकण्याच्या लायकीचा राहत नाही.

म्हणून चोथा हाती येण्याच्या आधीच ठरवून ठेवावे: ताजा घालायचा, मुरघास (हवाबंद आंबवून टिकवलेला चारा) करायचा की वाळवायचा. ताजा चोथा त्याच दिवशी, उष्ण हवेत सहा ते बारा तासांत संपला पाहिजे. रोज थोडाच माल येत असेल आणि जनावरे जवळच असतील तर ताजा घालणे सर्वांत स्वस्त. हंगामात एकदम ढीग येत असेल तर मुरघास. कडक ऊन, मोकळी फरशी किंवा यंत्रातली गरम हवा स्वस्तात मिळत असेल तरच वाळवण परवडते.

कोणता माल घ्यायचा, कोणता परत पाठवायचा

फळावरील फवारणीचा अंश बहुतांशी सालीवर राहतो आणि आपण नेमकी सालच गोळा करतो. न धुतलेल्या फळांची साल म्हणूनच घेऊ नये. कारखान्यात फळे धुण्याचे टप्पे कोणते, साल काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे द्रावण वापरतात का, हे आधी विचारावे. कॉस्टिकने सोललेली साल स्वच्छ पाण्याने धुऊन तिचा सामू (पीएच, आम्लतेचे माप) तपासल्याशिवाय वापरू नये. पल्प टिकवण्यासाठी सल्फाइट घातले असेल तर तो माल जनावरांना देऊ नये, कारण सल्फाइट थायामिन हे जीवनसत्त्व नष्ट करते.

प्लास्टिक, फळांवरचे स्टिकर, रबर, दोऱ्या, तारा, खिळे हे सगळे चोथ्याच्या ढिगात सापडते. गाय-म्हैस अन्न निवडून चावत नाही, सरळ गिळते. तार किंवा खिळा जाळीपोटात (पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात) जाऊन रुततो आणि तिथून हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. प्रक्रिया केंद्रातच सालीसाठी वेगळे, झाकणाचे पिंप ठेवले आणि झाडलोटीचा कचरा त्यात पडणार नाही अशी व्यवस्था केली, तर अर्धे काम तिथेच होते. शेतावर एकदा वाहत्या पट्ट्यावर किंवा फरशीवर पसरून नजर फिरवावी, चुंबक फिरवला तर उत्तम.

बुरशी आलेली फळे वेगळी काढावीत. बुरशीचा भाग कापून बाकीचे घालणे चुकीचे, कारण रसाळ फळात विष डागाच्या पलीकडेही पसरलेले असू शकते. सडक्या सफरचंदात पॅट्युलिन हे बुरशीचे विष असते. वाळलेल्या मालाला ओल लागली तर अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका असतो आणि ते दुधातही उतरते.

पीच, जर्दाळू, आलुबुखार यांच्या कठीण बियांच्या गरापासून सायनाइड तयार होते. या बिया काढून टाकाव्यात, दळून तर मुळीच घालू नयेत. आंब्याचे अख्खे बाठे आणि अख्खी लहान फळे घशात अडकतात. फळे कापून किंवा चेचून घालावीत, बाठे वेगळे करावेत.

शुष्क पदार्थ किती, हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये

पाणी पूर्ण उडून गेल्यावर जे उरते तो शुष्क पदार्थ. जनावराचे पोषण त्यातूनच होते. लिंबूवर्गीय चोथ्यात तो साधारण १८ ते २० टक्के असतो, अननसाच्या सालीत १० ते १५, केळीच्या सालीत १० ते १४, सफरचंद आणि टोमॅटोच्या चोथ्यात २० ते २५, दाबून काढलेल्या द्राक्षाच्या चोथ्यात ३० च्या वर. हे आकडे फक्त अंदाजासाठी आहेत. यंत्र किती दाबते आणि धुण्याचे पाणी किती मिसळते यावर तुमचा चोथा वेगळा निघेल.

मोजणे सोपे आहे. ढिगात पाच-सहा ठिकाणांहून मूठ मूठ माल घेऊन तो मिसळावा. त्यातला १०० ग्रॅम बारीक चिरून मायक्रोवेव्हमध्ये पसरट भांड्यात ठेवावा, शेजारी कपभर पाणी ठेवावे म्हणजे नमुना जळत नाही. आधी तीन मिनिटे, मग एकेक मिनिट तापवून दर वेळी वजन करावे. वजन उतरायचे थांबले की जितके ग्रॅम उरले तितके टक्के शुष्क पदार्थ. साखर करपू लागली, धूर दिसला, तर तो नमुना टाकून नवा घ्यावा.

मायक्रोवेव्ह नसेल तर मूठ दाबून पाहावी. बोटांतून पाणी ठिबकले तर ओलावा ७५ टक्क्यांच्या वर आहे. गोळा होतो, पाणी पडत नाही, हात दमट होतो आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकून राहतो किंवा हळूहळू सुटतो, तर मुरघासासाठी मिश्रण योग्य आहे. गोळा होतच नसेल तर ते फार कोरडे झाले.

मुरघास: मिश्रणाचे प्रमाण

निव्वळ ओला चोथा खड्ड्यात भरला तर तळातून रस गळून साखर वाहून जाते आणि उरलेल्या लगद्यात नको ते जिवाणू वाढतात. मिश्रणात शुष्क पदार्थ ३० ते ३५ टक्के हवा. त्यासाठी कोरडा चारा मिसळायचा: गव्हाचे भुसकट, भाताचा पेंढा, मक्याची वाळलेली ताटे, काहीही चालेल. फक्त कुट्टी २ ते ३ सेंटिमीटरची असावी. लांब काड्या दबत नाहीत आणि त्यांच्यामध्ये हवा राहते.

प्रमाण काढण्याची रीत अशी. हवे ३२ टक्के, चोथा १५ टक्क्यांचा, भुसकट ९० टक्क्यांचे. ३२ मधून १५ वजा केले, १७ राहिले. ९० मधून ३२ वजा केले, ५८ राहिले. १७ भागिले ५८ म्हणजे ०.२९. शंभर किलो चोथ्याला २९ किलो भुसकट. चोथा २० टक्क्यांचा असेल तर १२ भागिले ५८, म्हणजे सुमारे २१ किलो. अननसाची साल १२ टक्क्यांची असेल तर ३४ ते ३५ किलो. अननसाचा पानांचा शेंडा मिळत असेल तर वेगळे भुसकट फारसे लागत नाही: चार भाग शेंड्यांची कुट्टी आणि एक भाग साल-चोथा घेतला की ओलावा ६५ ते ७० टक्क्यांवर येतो.

इथे एक गोष्ट नेहमी राहून जाते. चोथ्यात प्रथिने जेमतेम ६ टक्के आणि भुसकटात ४ टक्के, त्यामुळे वरच्या मिश्रणाच्या शुष्क पदार्थात प्रथिने पाच टक्क्यांच्याही खाली राहतात. कोठीपोटातल्या (पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातल्या) सूक्ष्मजीवांना काम करायला निदान ७ टक्के लागतात. म्हणून २९ किलो भुसकटाऐवजी २० किलो भुसकट आणि ९ किलो गव्हाचा कोंडा घ्यावा. ओलावा तेवढाच राहतो, प्रथिने सात टक्क्यांच्या थोडी वर जातात आणि चोथ्यात फार कमी असलेला फॉस्फरसही कोंड्यातून मिळतो. दुभत्या जनावरांसाठी कोंड्याचा हा जादा खर्च जरूर करावा. भाकड जनावरांना नुसते भुसकट चालेल, पण मग पेंड वेगळी द्यावी लागेल.

गूळ किंवा मळी घालू नये. मक्याच्या किंवा गवताच्या मुरघासाच्या कृतीतून ती सवय इकडे आली आहे. फळांच्या चोथ्यात साखर आधीच गरजेपेक्षा जास्त असते, आणखी घातली तर यीस्ट तिची दारू करते आणि शुष्क पदार्थ वायूच्या रूपाने उडून जातो. चुनाही मुरघासात घालू नये, तो आम्लाला मारतो आणि सामू खाली यायला वेळ लागतो. युरिया टाळलेलाच बरा. सफरचंदाच्या चोथ्याबरोबर तर तो कधीच देऊ नये: गाभण गायींना सफरचंदाचा चोथा आणि युरिया एकत्र दिल्यावर मृत आणि व्यंग असलेली वासरे जन्मल्याची नोंद आहे.

भरणे आणि झाकणे

थोड्या मालासाठी २०० लिटरचे, रुंद तोंडाचे आणि कडीने बंद होणारे प्लास्टिकचे पिंप सोयीचे. नीट दाबले तर एका पिंपात ११० ते १२० किलो मिश्रण बसते. याहून खूप कमी बसले तर दाब कमी पडला असे समजावे. पिंपात आधी काय होते हे माहीत नसेल तर ते घेऊच नये, रसायनाचा अंश प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो.

चोथा आणि भुसकट फरशीवर फावड्याने एकजीव करून मगच भरावे. थरावर थर देण्याची पद्धत दिसायला सोपी असली तरी भुसकटाचा थर कोरडा आणि चोथ्याचा थर चिकट राहतो, मग एकाला बुरशी येते आणि दुसरा सडतो. खड्ड्याच्या किंवा बंकरच्या (जमिनीवर भिंती बांधून केलेल्या हौदाच्या) तळाशी मात्र १० ते १५ सेंटिमीटर निव्वळ भुसकट पसरावे, खाली उतरणारा रस ते शोषून घेते.

दर १५ ते २० सेंटिमीटरचा थर झाला की पायाने किंवा मुसळीने दाबावे, कडांना जास्त. मधला भाग आपोआप दबतो, भिंतीलगतचा सैल राहतो आणि बुरशी तिथूनच शिरते. सुरू केलेले पिंप किंवा खड्डा त्याच दिवशी बंद करावा. खड्डा मोठा असून माल रोज थोडा येत असेल तर पद्धत बदलावी, पिंपे किंवा दुहेरी पिशव्या वापराव्यात. अर्धा भरून चार दिवस उघडा राहिलेला खड्डा दुरुस्त करण्याचा उपाय नाही.

वर जाड प्लास्टिक थेट मालाला चिकटवून अंथरावे, त्यावर मातीच्या पिशव्या किंवा जुने टायर एकमेकांना भिडवून ठेवावेत. ताडपत्रीखाली पोकळी राहिली तर ती झाकणाच्या कामाची नाही. पहिले तीन-चार दिवस कार्बन डायऑक्साइड जोराने तयार होतो. पिंप फुगले तर झाकण क्षणभर सैल करून वायू जाऊ द्यावा आणि लगेच आवळावे. झाकणाला नळी बसवून तिचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवले तर हेही करावे लागत नाही. खोल खड्ड्यात मात्र भरल्यानंतरच्या दिवसांत एकट्याने उतरू नये. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि माणूस गुदमरतो.

तीन आठवड्यांनंतर उघडावे, चार झाले तर अधिक चांगले. चांगला मुरघास पिवळसर ते फिकट तपकिरी दिसतो, फळाचा आंबट-गोड वास येतो, हाताला चिकटत नाही आणि सामू ३.५ ते ४.२ असतो. सामू पाहायच्या कागदी पट्ट्या स्वस्त असतात, त्या जवळ असाव्यात.

उघडल्यावर तापतो तेव्हा

फळांच्या मुरघासाचे खरे दुखणे उघडल्यानंतर सुरू होते. उरलेली साखर आणि यीस्ट हवेची वाटच पाहत असतात. समोरच्या भागात हात खुपसला आणि माल आसपासच्या हवेपेक्षा गरम लागला तर तो बिघडू लागला आहे. यावर उपाय मापाचा आहे: रोज सगळ्या तोंडावरून १० ते १५ सेंटिमीटरचा थर काढला गेला पाहिजे. म्हणून खड्ड्याची रुंदी जनावरांच्या रोजच्या गरजेवरून ठरवावी. जागा आहे म्हणून रुंद खड्डा खणला की दोन-तीन गायींचा मुरघास रोज थोडा थोडा नासत राहतो. पाच-सहा जनावरांपर्यंत पिंपेच बरी. लॅक्टोबॅसिलस बुकनेरी जातीचे जिवाणू मिश्रणात घातले तर जास्त अॅसिटिक आम्ल तयार होऊन यीस्ट दबते. मोठ्या खड्ड्यासाठी हा खर्च योग्य.

वासावरून चूक कळते. दारूसारखा झणका म्हणजे यीस्टचे काम, बहुधा हवा राहिली. खवट लोण्याचा, हाताला चिकटून राहणारा वास म्हणजे मिश्रण फार ओले होते. भाजलेल्या तंबाखूसारखा वास आणि गडद तपकिरी रंग म्हणजे माल आत तापला, प्रथिने साखरेला बांधली गेली. जनावर हा माल आवडीने खाते, पण त्यातली प्रथिने त्याच्या अंगी लागत नाहीत. सामू ५ च्या वर असेल तर शेळ्या-मेंढ्यांना घालू नये, त्यात लिस्टेरियाचे जिवाणू वाढू शकतात. बुरशीचा गठ्ठा दिसला तर त्याभोवतीचा वीतभर मालही काढून टाकावा.

वाळवण

शंभर किलो चोथा, शुष्क पदार्थ २० टक्के: १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवल्यावर हाती सुमारे २२ किलो येतात, म्हणजे ७८ किलो पाणी उडवायचे. इंधन जाळून हे करण्यापूर्वी जितके पाणी दाबून निघेल तितके काढावे. दाबून चोथा २० वरून २८ टक्क्यांवर आला तरी २९ किलो पाणी आधीच गेले.

लिंबूवर्गीय चोथा मात्र नुसता दाबून पाणी सोडत नाही, पेक्टिन ते धरून ठेवते. त्यात १०० किलोमागे ३०० ते ५०० ग्रॅम विरवलेला चुना मिसळून १५ ते २० मिनिटे ठेवावे, मग दाबावे. चुना पेक्टिनची पकड सोडवतो. हा चुना खाद्यासाठी योग्य अशा शुद्धतेचाच हवा. १९९८ साली जर्मनीत दुधात डायॉक्सिन हे विषारी रसायन वाढल्याचे आढळले, तेव्हा तपास ब्राझीलहून आलेल्या लिंबूवर्गीय चोथ्यापर्यंत आणि तिथून त्यात घातलेल्या दूषित चुन्यापर्यंत पोहोचला. म्हणून रासायनिक कारखान्यातून उरलेला स्वस्त चुना कधीही घेऊ नये.

उन्हात वाळवताना साल १ ते २ सेंटिमीटर चिरावी, दर चौरस मीटरला ५ ते ८ किलोपेक्षा जास्त पसरू नये आणि दर दोन तासांनी परतावे. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत वरची साल चामट झाली नाही तर थर जाड आहे. रात्री गोळा करून झाकावे, दव पडू देऊ नये. आंब्यासारखा साखरेचा चिकट माल गोळे धरतो. त्यात दहावा हिस्सा कोरडा कोंडा मिसळला की तो सुटा होतो. यंत्रात वाळवताना तापमान ६० ते ६५ अंश सेल्सिअस ठेवावे, त्याहून जास्त झाले तर साखर करपते.

तयार तुकडा वाकवला की मोडला पाहिजे, वाकून राहिला तर आत ओल आहे. ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आल्यावर, माल पूर्ण थंड करूनच गोण्यांत भरावा. गरम माल ढिगात टाकला तर आतून तापत जातो, आणि लिंबूवर्गीय वाळलेल्या चोथ्याचे ढीग असे आपोआप पेटलेले आहेत. गोण्या जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर ठेवाव्यात आणि पहिले दोन आठवडे मधल्या गोणीत हात घालून उष्णता पाहावी.

खायला किती घालायचे

साधारण ४०० किलोची दुभती गाय रोज सुमारे १२ किलो शुष्क पदार्थ खाते. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे ३ किलो, चोथ्याच्या मुरघासातून द्यायला हरकत नाही. ३२ टक्क्यांच्या मुरघासाचे ते ९ ते १० किलो झाले. सुरुवात एका किलोने करावी आणि दर दोन दिवसांनी एकेक किलो वाढवावा. एकदम दिले तर साखरेमुळे कोठीपोटात आम्ल वाढते: जनावर खाणे सोडते, रवंथ मंदावते, शेण पातळ आणि आंबूस होते. असे दिसले की चोथा थांबवून फक्त कोरडा चारा घालावा. जनावर उठत नसेल, पोट फुगले असेल, तर पशुवैद्यकाला लगेच बोलवावे. चोथ्याबरोबर लांब कोरडा चारा रोज असलाच पाहिजे. तो चघळताना सुटणारी लाळच आम्ल सांभाळते.

धान्याच्या जागी वाळलेला लिंबूवर्गीय चोथा घालताना प्रथिनांची भर विसरू नये. दोन किलो मक्याऐवजी दोन किलो चोथा दिला की सुमारे ६० ग्रॅम प्रथिने कमी पडतात, ती ४० टक्के प्रथिनांच्या १५० ग्रॅम पेंडीने भरून निघतात. चुना घातलेल्या चोथ्यात कॅल्शियम फार आणि फॉस्फरस फार कमी असतो. खनिज मिश्रण फॉस्फरस असलेले निवडावे, आणि विण्याच्या आधीचे तीन आठवडे हा चोथा बंद ठेवावा, नाहीतर व्यायल्यावर दुग्धज्वराचा (रक्तातले कॅल्शियम एकदम घटण्याच्या आजाराचा) धोका वाढतो.

मुरघास धार काढल्यानंतर द्यावा, आधी दिला तर दुधाला वास लागतो. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या वासरांना तो देऊच नये. द्राक्षाच्या चोथ्यात टॅनिन आणि लिग्निन जास्त, पचन कमी, त्यामुळे तो भाकड जनावरांपुरताच ठेवावा. द्राक्षांवर तांब्याची बुरशीनाशके मारलेली असतील तर मेंढ्यांना तो घालू नये, त्यांना तांब्याची विषबाधा फार लवकर होते. लिंबूवर्गीय बियांतले लिमोनिन हे कडू द्रव्य कोंबड्यांना आणि डुकरांना बाधते. आंब्याच्या बाठ्यातला गर फोडून, भिजवून, वाळवून खुराकात दहा टक्क्यांपर्यंत चालतो. टॅनिनमुळे जास्त घातला तर जनावर तोंड फिरवते. टोमॅटोच्या चोथ्यात मात्र सुमारे २० टक्के प्रथिने असतात. तो मिळत असेल तर इतर चोथ्यांच्या मिश्रणात जरूर घ्यावा.

खड्ड्यातून गळणारा रस नाल्यात किंवा विहिरीच्या बाजूला जाऊ देऊ नये. तो घरगुती सांडपाण्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त ऑक्सिजन खातो, नाल्यातले मासे मारतो आणि त्यातल्या आम्लाने सिमेंटची फरशीही झिजते. उतार देऊन तो एका टाकीत जमा करावा, निदान तेवढेच पाणी मिसळावे आणि विहिरीपासून दूरच्या शेतात पातळ पसरवावा.